होळीच्या सुटीचं पाप

होळीला घरी जायला मिळालं तर लखीरामच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी बघू. त्याच्या थोरल्या भावाला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला होता आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी तांड्यात त्या बाळाचं धुंड होतं. धुंडाला बाळ मांडीवर घेऊन बसतात आणि तांड्यातली बिनलग्नाची पोरं भोवती उभी राहून काठीवर काठी मारत त्याला आयुष्य मागतात. लखीराम सोळा वर्षांचा. पुढच्या होळीपर्यंत त्याचं लग्न उरकावं असं घरात घाटत होतं, म्हणजे सख्ख्या पुतण्यासाठी त्या रांगेत उभं राहायला हीच एक होळी. शिवाय चार दिवस पहाटेची घंटा नाही. चार दिवस याडीच्या, म्हणजे आईच्या, हातचं जेवण. आणि सगळ्यांत जड बाब अशी की आठ महिन्यांपूर्वी त्याला आश्रमाच्या फाटकात सोडून गेलेला बाप त्याला न्यायला येणार होता. मधल्या काळात या बापाची तीन पोस्टकार्डं आली होती आणि तिन्ही आश्रमाच्या नावानं होती, मुलाच्या नावानं एकही नव्हतं.

एवढ्याच्या बदल्यात द्यायचं होतं एक पाप. पण ते मोठं हवं होतं आणि न सांगितलेलं हवं होतं, आणि लखीरामजवळ तसलं काही उरलं नव्हतं.

सद्बुद्धी आश्रम नेरहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. सन एकोणसाठमध्ये तिथे बावीस पोरं होती, सगळी बारा ते सतरा वयाची, आणि सगळ्यांपुढे घरच्यांनी हात टेकलेले. कुणी शाळा बुडवायचा, कुणी घरातलं तूप नेऊन विकायचा. पुसदच्या एका वकिलाच्या मुलानं मास्तरांच्या सायकलची हवा इतक्यांदा सोडली होती की शेवटी मास्तरांनीच बदली मागून घेतली. आश्रम चालवायचे भगवानराव. निवृत्त हेडमास्तर, अंगानं किडकिडीत, आवाजानं भरदार. पोरं त्यांना दादाजी म्हणत. दादाजींची श्रद्धा अगदी सोपी होती. देवापुढे दिवा लावावा, दिव्यापुढे पाप बोलावं, बोललेलं पाप ज्योतीत जळतं. दर गुरुवारी सकाळी भजन झालं की एकेका पोरानं उठायचं आणि नंदादीपापुढे आपलं एक पाप सांगायचं. एकदा सांगितलेलं पुन्हा चालायचं नाही, कारण ते जळालेलं. या आठवड्यात काही नाही असं म्हणणारा पोरगा अहंकारी ठरायचा आणि दिवसभर उन्हात तण उपटायचा.

आता पंधरा वर्षांच्या पोराजवळ पापं असून असून किती असणार? वीस म्हणा, पंचवीस म्हणा. वर्षाचे गुरुवार मात्र बावन्न. तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाच्या ध्यानात हे आलं नाही. पोरांच्या ध्यानात तिसऱ्या महिन्यातच आलं, आणि आश्रमात पापांचा बाजार सुरू झाला.

हरभरा उपटून खाल्ल्याचं पाप अर्ध्या भाकरीला मिळायचं. बिडीचं पाप कुणी फुकटही घेत नव्हतं, ते सगळ्यांकडेच होतं. मास्तरांना शिवी दिल्याला गुळाचा खडा. वकिलाचा मुलगा डोक्यानं तल्लख, तो मागणीप्रमाणे कोरी पापं घडवून द्यायचा. पण त्यांच्यात सिनेमाचा वास यायचा आणि दादाजींचं नाक त्या बाबतीत तिखट होतं. खरा भाव होता खऱ्या पापांना. ज्या पोरानं आपली दोनचार जपून ठेवली होती, त्याच्यासाठी आठ आठ दिवस विहिरीचं पाणी ओढणारे मिळत.

लखीराम या बाबतीत फार उधळ्या निघाला. आल्या आल्या पहिल्या चारपाच गुरुवारी त्यानं मन लावून सगळं सांगून टाकलं. बापाची शेळी विकली. दोनदा राजूरला पळालो, खदानीत कोळसा वाहिला. मास्तरांची छडी चुलीत घातली. हिशेबी पोरानं वर्षभर पुरवली असती एवढी पुंजी त्यानं महिन्यात फुंकली, आणि पुढचे सात महिने अर्ध्या भाकरीवर आणि विकतच्या पापांवर काढले.

फाल्गुन लागला तसा दादाजींनी नियम सांगितला. होळीला तीनच पोरं घरी जातील, ज्यांचं निवेदन सगळ्यांत खोलातून येईल ती. बाकीच्यांना का थांबवून घेतलं ते आश्रमाच्या गव्हाकडे बघितल्यावर कळत होतं. गहू कापणीला आला होता.

बुधवारी दुपारी लखीराम विहिरीवर रिकामा बसला होता. वकिलाच्या मुलानं एक पाप दाखवलं होतं, पण त्यात मोटरगाडी होती. तेवढ्यात भीमराज आला. भीमराज म्हणजे सदाशिवराव पाटलांचा मुलगा. सदाशिवराव तीन कोसांवरच्या गावचे पोलीस पाटील. आश्रमाची जमीन त्यांनीच दिलेली, समितीचे अध्यक्षही तेच, आणि चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी आपला मुलगाही इथेच आणून ठेवला, याचं लोकांना भारी कौतुक. भीमराज थोराड आणि अबोल होता. बाजारात त्यानं कधी काही घेतलं नाही की विकलं नाही. गुरुवारी उठायचा, कधी दही चोरून खाल्लं, कधी खोटं बोललो, एवढं सांगून बसायचा.

तो म्हणाला, माझ्याजवळ एक आहे. लखीरामनं भाव विचारला. भीमराज म्हणाला, भाव काही नाही.

इथे लखीराम थबकायला हवा होता. आठ महिन्यांत त्या आश्रमात मिठाचा खडासुद्धा कुणी कुणाला फुकट दिला नव्हता. पण त्याच्या डोक्यात काठ्या वाजत होत्या.

पाप असं होतं. दिवाळीच्या तोंडावर एका वावरातल्या कोठ्यात नवा कापूस भरून ठेवला होता. एक पोरगा तो चोरायला गेला. कोठ्याच्या पुढच्या खणात राखणदार म्हातारा तापानं पडला होता. म्हाताऱ्यानं बाहेर येऊन बघू नये म्हणून पोरानं त्याच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि मागच्या खिडकीतून कापूस ओढू लागला. तोंडात बिडी होती. ती पडली. कापूस पेटला. पोरगा पळाला.

मग पुढे काय झालं, असं लखीरामनं विचारलं. भीमराज म्हणाला, विझली असंल. लखीरामला ते पाप आवडलं, पण जरा भीतीही वाटली. हे खरं आहे का, असं त्यानं विचारलं.

"खरं असतं तर तुले कायले देल्लं असतं?" भीमराज म्हणाला. मग जाता जाता मागे वळून म्हणाला, "सांगशीन तं सगळं सांग. कडी विसरू नको."

गुरुवारी सकाळी पाहुणे आले. सदाशिवराव आले, कारण होळीच्या आधीच्या निवेदनाला अध्यक्ष हजर असत. आणि पुसदकडून दोन बस बदलून पूनमसिंग आला, लखीरामचा बाप. पूनमसिंग साठ घरांच्या तांड्याचा नायक होता. तांड्यातली भांडणं त्याच्यापुढे यायची, नसाब म्हणजे पंचायत बसायची, आणि त्याचा शब्द शेवटचा असायचा. दादाजींनी त्याला सदाशिवरावांच्या शेजारी सतरंजीवर बसवलं. त्यानं मुलाकडे एकदा बघितलं आणि काठी मांडीवर आडवी घेऊन नजर दिव्यावर लावली. आश्रमात इतर कुणी त्या दिव्याकडे असं बघत नव्हतं. पोरांना तो दर गुरुवारचा दिवा होता. पूनमसिंगच्या तांड्यात दिव्यापुढे माणूस उभा करायची वेळ तीनचार वर्षांतून एकदा यायची, आणि तिथे बोललेला शब्द मग कुणाच्या बापाला मागे घेता येत नसे.

वकिलाच्या मुलाचं झालं, आणखी चौघांचं झालं. लखीराम उठला. त्यानं चांगलं सांगितलं. घाईनं सांगितलं नाही, कापूस कसा ओढला ते हातानं दाखवलं, आणि कडी विसरला नाही. दादाजींचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत इतकं खोल निवेदन त्यांच्या दिव्यापुढे झालं नव्हतं. ते सदाशिवरावांकडे वळले, अध्यक्षांनाही भरून आलं असेल अशा अपेक्षेनं. सदाशिवरावांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

स्वयंपाकघराच्या दारात रामीबाई उभी होती. ती पोरांच्या भाकऱ्या थापायची. पन्नाशीची असेल, कुणाशी फारशी बोलायची नाही, आणि तिचे दोन्ही तळवे भाजून आवळल्यासारखे झालेले होते. बाई जन्मभर चुलीशी बसलेली, म्हणून पोरांनी कधी त्याचं कारण विचारलं नाही. ती पिठाच्या हातांनी सरळ सतरंजीवर आली.

"कडी बाहेरून व्हती हे तुले कोनं सांगतलं, बाबू?"

लखीरामनं दादाजींकडे बघितलं. त्याला वाटलं, निवेदनात काही चुकलं.

तेव्हा तिथे जमलेल्या बाकीच्यांना जे कळलं ते असं. रामीबाईचा नवरा फकिरा हा सदाशिवरावांचा सालदार. सत्तावन्नच्या दिवाळीच्या आदल्या दिवशी भरदुपारी त्यांच्या वावरातला कोठा जळाला आणि आत फकिरा जळून मेला. पोलीस पाटील या नात्यानं सदाशिवरावांनीच कागद केला: बिडीनं आग, इसम झोपेत. रामीबाई सगळ्यांच्या आधी पोचली होती. दाराची कडी तिनं आपल्या हातांनी काढली होती. लोखंड तापून लाल झालेलं होतं. तसं तिनं सदाशिवरावांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, धुरात माणसाला काहीबाही दिसतं. पुढच्याच महिन्यात त्यांनी तिला आश्रमात कामाला लावून दिलं, आणि सालदाराच्या विधवेची सोय केली म्हणून गावानं त्यांना नावाजलं. कडीची गोष्ट तिनं मग कुणालाच सांगितली नाही. म्हणजे ती तिला माहीत होती, सदाशिवरावांना माहीत होती, आणि जो घालून पळाला त्याला.

"कोन्या गावची गोष्ट हाय हे?" रामीबाईनं विचारलं.

लखीरामला गाव माहीत नव्हतं. भीमराजनं मालाबरोबर गाव दिलं नव्हतं.  सगळी सभा त्याच्याकडे बघत होती. एवढा एकच रकाना मोकळा होता, आणि तो कोण भरतो त्यावर सगळं ठरणार होतं.

"आमचंच गाव," सदाशिवराव म्हणाले. "दुसरं कोन्तं असंल? माहाच कोठा व्हता थो."

ते इतक्या शांतपणे बोलले की दादाजींनी मान डोलावली. रामीबाईनं मात्र पहिल्यांदा सदाशिवरावांकडे बघितलं, आणि मग त्यांच्या पलीकडे, पोरांच्या तिसऱ्या ओळीत. तिथे भीमराज खाली मान घालून सतरंजीचा दोरा उसवत होता.

आता लखीरामला कळलं.  हे पाप माझं नाही, मी ते घेतलं, असं तो म्हणाला. कुणाकडून, ते दादाजींनी विचारलं. त्यानं नाव सांगितलं. दादाजींनी भीमराजला उभं केलं. भीमराज म्हणाला, मी कशाला देऊ. मग दादाजींनी सगळ्यांना विचारलं की इथे पापं विकली जातात का, खरं सांगा. हा प्रश्न त्यांनी ज्या आवाजात विचारला त्यात उत्तर आधीच दिलेलं होतं. एकवीस पोरं नाही म्हणाली. त्यातल्या बारा जणांना लखीराम पाणी ओढून देणं लागत होता, तेही नाही म्हणाले. हो म्हणावं तर आजवरचे सगळे गुरुवार खोटे पडत होते, आणि दोघांच्या सुट्या तर जवळजवळ पक्क्या झाल्या होत्या.

पोरगा पुसदचा, तो नेरकडे कसा आला, अशी एक शंका दादाजींनी काढली. सदाशिवराव म्हणाले, घरून पळालेल्या पोराला कुठली आली दिशा. दादाजींचं समाधान झालं. खोलीत भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता. पुसदहून राजूरला जाणारा नेरला पोचत नाही, हे त्यात बोट ठेवून बघता आलं असतं.

लखीराम बापाकडे वळला. "बा, त्या दिवाळीले मी तं..."

पूनमसिंगनं हात वर केला. पोराचं वाक्य तिथेच राहिलं. पूनमसिंग उठला, मुलासमोर गेला, आणि आधी आपल्या गोर, म्हणजे बंजारा, बोलीत दोन शब्द बोलला. ते कुणाला समजले नाहीत. मग सगळ्यांनी ऐकावं म्हणून मराठीत बोलला.

"रामधन माह्या सख्ख्या मामाचा पोरगा. दिव्यासमोर खोटं बोलला म्हनून म्या त्याले तांड्याबाहेर बसोलं. दोन वर्सं झाले, त्याच्या घरचं पानी कोनी पीत नाही. आता तू सांग. कडी तू लावली असशीन तं आपन दंड भरू, तू पंगतीत बसशीन. दिव्यासमोर खोटं बोलला असशीन तं मले तुले घरी नेता येत नाही."

आश्रमाच्या लोकांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. माणूस जाळलेला पोरगा घरी चालतो आणि खोटं बोललेला चालत नाही? पण तांड्याचा कायदा तोच होता. रागात, चुकून, दारूत माणसाच्या हातून काहीही होतं आणि त्याची भरपाई ठरलेली असते. दिव्यापुढच्या खोट्याची भरपाई ठरलेली नाही. पूनमसिंगची चूक एवढीच, की त्यानं हा दिवा आपल्या दिव्यासारखा धरला. या दिव्यापुढे आठ महिन्यांत सातशेच्या वर पापं जळाली होती आणि त्यातली निम्मी भाकरीला विकत घेतलेली होती, हे त्याला कोण सांगणार?

 बाहेर विहिरीचा रिकामा रहाट वाऱ्यानं कुरकुरत होता. लखीरामला घरी जायचं होतं.

"म्याच लावली, बा," तो म्हणाला.

भीमराजनं मान वर केली. रामीबाई मट्कन खाली बसली.  या पोरानं दोन वाक्यं दिव्यापुढे सांगितली होती, त्यातलं खरं तेवढं खोटं ठरलं आणि खोटं होतं ते दोनदा वदवून पक्कं झालं, आणि सगळ्यांच्या तोंडावर सुटल्याचा भाव होता. दादाजींच्या दिव्यानं एवढं मोठं पाप जाळलं. सदाशिवराव म्हणाले, कागद जुना आहे, मिटलेला आहे, पोरगा पस्तावलाय, आता तो उकरून कुणाचं भलं होणार? त्यांनी पोलीस पाटील म्हणून हे सांगितलं की बाप म्हणून, ते वेगळं काढता येण्यासारखं नव्हतं. लखीरामला सुटी मंजूर झाली.

पूनमसिंग रामीबाईपुढे गेला आणि पागोटं काढून तिच्या पायापाशी ठेवलं. आमच्याकडे या गोष्टीला बैलजोडी द्यावी लागते, होळी झाली की घेऊन येतो, असं तो म्हणाला. दादाजींनी मधेच सुचवलं की बाईला जमीन नाही, बैल आश्रमाला उपयोगी पडतील. रामीबाई म्हणाली, बैल माझ्या हातात द्यायचे. एवढं मात्र ती मोठ्यानं बोलली.

होळीला लखीराम तांड्यात पोचला. बाप बसमधून उतरेपर्यंत बोलला नव्हता, पण तिकीट काढताना त्यानं मुलाचा खांदा धरून ठेवला होता. नसाब बसली, दंड कबूल झाला, लखीराम पंगतीत बसला, सगळं कायद्याप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी धुंडाला तो रांगेत काठी घेऊन उभा राहिला. वहिनी हंसाबाई बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तिनं त्याला बघितलं आणि बाळ उचलून घरात गेली. सासूनं विचारलं तर म्हणाली, नऊ वर्षांनी झालंय, माणूस जाळलेला हात त्याच्यावरून नको फिरायला. याडीनं मग लखीरामला सांगितलं की तू जरा आखराकडे, गुरं जमतात तिकडे, जाऊन ये. तो काठी ठेवून गेला. बाळ परत मांडीवर आलं आणि काठ्या वाजल्या. गायरानात बसून त्याला त्या ऐकू येत होत्या.

धुळवडीनंतर पाच दिवसांनी पूनमसिंग बैल घेऊन आश्रमात आला. एवढी वाट तो पायी आला होता, कारण जोडी चांगली होती आणि गाडीला जुंपून ती थकवायची नव्हती. सकाळची वेळ होती. पोरं गव्हात होती, विहिरीवर फक्त भीमराज पाणी ओढत होता. पूनमसिंगनं कासरा रामीबाईच्या हातात दिला. आवळलेल्या तळव्यात तो नीट बसेना, म्हणून तिनं मनगटाला वेढा घेतला.

"नायक," ती म्हणाली, "तुमच्या पोरानं हे नाही केलं. त्याले गावाचं नाव सांगता आलं नाही, तवाच मले समजलं."

"मग बैल काहून घेऊन राह्यल्या, बाई?"

"दुसरं कोन देऊन राह्यलं?"

पूनमसिंगनं एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"मलेबी मालूम व्हतं," तो म्हणाला. "त्या दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी म्याच त्याले राजूरच्या खदानीतून धरून आनलं. पंधरा दिवसापासून थो थितीच व्हता. हजेरी पाह्यली म्या."

रामीबाईनं हिशेब लावला. म्हणजे त्या सकाळी पोरगा जे सांगणार होता आणि बापानं हात वर करून अडवलं, ते हेच. ते बाहेर आलं असतं तर पोरगा निर्दोष ठरला असता आणि घराला मुकला असता. बापानं त्याला खुनी करून घरी नेलं होतं. रामीबाईनं बैल परत करण्याची गोष्ट काढली नाही, पूनमसिंगनंही काढली नाही. तिनं त्याला भाकरी खाऊन जा म्हटलं. तो जेवला आणि गेला.

तांड्यात परतल्यावर त्यानं दोन गोष्टी केल्या. रामधनच्या घरी जाऊन पाणी प्यायला, आणि नायकाचं पागोटं पंचांपुढे ठेवून म्हणाला, दुसरा बघा. कारण सांगितलं नाही. तीन पिढ्यांची नायकी होती. लोकांनी आपापसांत ठरवलं की पोराच्या पापानं बाप खचला.

विहिरीवर भीमराजनं सगळं ऐकलं होतं. पुढच्या गुरुवारी त्याची पाळी आली तेव्हा तो उठला आणि त्यानं तेच पाप सांगितलं. या वेळी गाव घालून सांगितलं, फकिराचं नाव घेऊन सांगितलं. म्हाताऱ्यानं आतून दोनदा हाक मारली होती, "भीमा, कडी काढ," हेही सांगितलं. म्हणजे फकिरानं त्याला ओळखलं होतं. हे लखीरामला दिलेल्या मालात नव्हतं.

सदाशिवराव त्या दिवशी आले नव्हते. रामीबाई दारात होती.  दादाजी ज्योतीकडे बघत होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं: हे खरं धरावं तर मागचं खोटं, मागचं खोटं तर दिवा खोटा, आणि दिव्याखालची जमीन या मुलाच्या बापाची.

"ते पाप झालेलं आहे," दादाजी म्हणाले. "दुसरं सांग."

दुसरं नाही, असं भीमराज म्हणाला. मग आठवेपर्यंत इथेच बस, असं त्याला सांगण्यात आलं. तो दिवस मावळेपर्यंत दिव्यापुढे बसला, त्याला काही आठवलं नाही, आणि कुणी पुन्हा विचारलंही नाही.

तर फकिराच्या मरणाचं कुणी काय भरलं ते असं. फकिरानं जीव. रामीबाईनं नवरा आणि दोन तळहात, त्यापोटी तिला एक बैलजोडी जमा, जी तिनं पुढे भाड्यानं लावली. पूनमसिंगनं ती जोडी आणि तीन पिढ्यांची नायकी. लखीरामनं आपलं नाव. भावाला पुढे आणखी दोन पोरं झाली, तीही त्याच्या मांडीवर कुणी दिली नाहीत. दादाजींनी काही नाही. सदाशिवरावांनी एक गावाचं नाव, तेही आपल्याच. आणि भीमराजनं त्या गुरुवारचं दुपारचं जेवण.